गिरणीचं सांडपाणी आणि हिरवं तळं: नवख्यांसाठी पहिल्या हंगामाची तयारी

नागपुरात कूलर नसलेलं घर शोधावं लागतं. पावसाळा लागला की कूलर काढून ठेवताना टाकीच्या आत हात फिरवा, बोटांना हिरवं, बुळबुळीत काहीतरी लागतं. ते कुणी पेरलेलं नसतं. थोडं पाणी, थोडा उजेड आणि पाण्यात विरघळलेले क्षार, एवढ्यावर ते वाढलेलं असतं. पुस्तकात त्याला सूक्ष्मशैवाल म्हणतात, आपण शेवाळ म्हणू. हेच शेवाळ धानाच्या गिरणीचं, गोठ्याचं किंवा दूधप्रक्रियेचं सांडपाणी स्वच्छ करायला कामाला लावता येतं आणि त्यातून थोडंफार उपयोगाचं हातीही लागतं. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने काय, कोणत्या क्रमाने आणि का करायचं, ते इथे सांगतो.

नागपूरला हा विषय नवा नाही. १९५८ साली इथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ पासून तिला आपण नीरी म्हणून ओळखतो. उथळ तळ्यात सूर्यप्रकाश आणि शेवाळ यांच्या जोरावर सांडपाणी शुद्ध करण्याच्या ऑक्सिडेशन तळ्यांवर या संस्थेने सुरुवातीच्या काळात बरंच काम केलं. त्याच सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियात विल्यम ऑसवाल्ड यांनी पाणी सतत फिरतं ठेवणारं उथळ, लांबोळकं तळं पुढे आणलं. आज जगभर वापरतात तो नमुना बहुतांशी त्यांचाच.

आधी एक गैरसमज काढून टाकू

"शेवाळ घाण खातं" असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. सांडपाण्यातली साखर, पिष्ट, प्रथिनं हा सेंद्रिय भार मुख्यतः जिवाणू खातात. त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो आणि खाताना ते कार्बन डायऑक्साइड सोडतात. शेवाळ दिवसा तो कार्बन डायऑक्साइड घेतं, प्राणवायू देतं आणि वाढताना पाण्यातला नायट्रोजन, फॉस्फरस उचलतं. एक किलो सुकं शेवाळ तयार होताना साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड आत घेतला जातो. म्हणजे हा संसार दोघांचा आहे. जिवाणूंच्या वाट्याचं काम शेवाळावर लादलं की तळं काळं पडतं आणि वास सुटतो. पहिल्या वर्षी बुडणारे बहुतेक प्रयोग याच कारणाने बुडतात.

यातून पुढचा सगळा क्रम ठरतो: जड सेंद्रिय भार आधी दुसरीकडे उतरवायचा आणि उरलेलं, क्षारांनी भरलेलं पाणी शेवाळाकडे न्यायचं.

कोणतं पाणी घ्यायचं

नागपूरच्या आसपास तीन प्रकारचं पाणी सहज मिळतं. तिघांचे स्वभाव वेगळे आहेत.

मौदा, रामटेक आणि पुढे भंडारा-गोंदियाकडे उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्या आहेत (बाकीच्या महाराष्ट्रात याला उकडा म्हणतात). धान गरम पाण्यात भिजवतात, वाफवतात, वाळवतात आणि मग कांडतात. किलोभर धानामागे लिटरभर किंवा थोडं जास्त भिजवणीचं पाणी बाहेर पडतं. रंग फिकट पिवळा, एक दिवस ठेवलं तर आंबूस वास. त्यात पिष्ट, साखर आणि कोंड्यातून उतरलेला फॉस्फरस असतो. विषारी धातू किंवा रंग सहसा नसतात. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

दुसरं दुधाचं. भांडी आणि फरशी धुतलेलं पाणी चालतं. पनीरचं निवळ मात्र त्यात मिसळू देऊ नका. त्याचा सेंद्रिय भार धुण्याच्या पाण्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो आणि एक बादली सगळं बिघडवते. निवळ वेगळं धरा, जनावरांना पाजा.

तिसरं संत्र्याचं. नागपूरच्या माणसाला पहिला मोह याचाच होतो. मलाही झाला. पहिल्या वर्षी रस काढणाऱ्या एका छोट्या कारखान्याचं पाणी मी थेट हिरव्या टाकीत सोडलं. दोन दिवसांत टाकी राखाडी झाली आणि वर सालीचा वास दरवळत राहिला. संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग लिमोनिन असतो आणि ते सूक्ष्मजीवांना मारतं. झाडाने सालीत ते त्यासाठीच ठेवलेलं असतं. वर हे पाणी आंबट, पीएच (आंबटपणाचं माप, ७ म्हणजे ना आंबट ना खारट-तुरट) ३ ते ४ च्या आसपास, आणि नायट्रोजन जवळजवळ नाही. हे पाणीही वापरता येतं, पण तेल वेगळं काढून, चुन्याने आंबटपणा मोडून आणि गोठ्याच्या पाण्यासारखं नायट्रोजनचं काहीतरी जोडून. तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यास आहे.

आसवनीचं, म्हणजे मद्यार्काच्या कारखान्याचं, गडद तपकिरी पाणी तर सुरुवातीला विसरूनच जा. त्यातून उजेड आत शिरत नाही.

मोजा, मग ठरवा

पाण्याची एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. सीओडी आणि बीओडी (दोन्ही सेंद्रिय भाराची मापं), एकूण नायट्रोजन, फॉस्फेट, पीएच, तरंगणारे कण आणि विरघळलेले क्षार, एवढं पुरे. नमुना एकाच वेळेचा घेऊ नका. हौद रिकामा करतानाचं पाणी आणि दुपारी नालीत वाहणारं पाणी यांत फार फरक असतो. दिवसभर दर दोन तासांनी थोडं थोडं घेऊन एका कॅनमध्ये मिसळा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

रोजच्यासाठी तीन वस्तू लागतात: पीएच मीटर किंवा पट्ट्या, टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणारं मीटर आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी अमोनिया-नायट्रेट-फॉस्फेट तपासण्याची छोटी पेटी. चौथी वस्तू घरीच करा. एका काठीच्या टोकाला पांढरी चकती बसवा, काठीवर सेंटीमीटरच्या खुणा करा. चकती पाण्यात उतरवायची आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते लिहायचं. तीन-चार सेंटीमीटरवरच नाहीशी झाली की शेवाळ काढणीला आलं. महागड्या यंत्राने कळणारी बरीच गोष्ट ही काठी सांगते.

पाच जारांची परीक्षा

तळं खणण्याआधी हे कराच. वीस लिटरचे पाच पारदर्शक जार घ्या. त्यांत सांडपाण्याचं प्रमाण अनुक्रमे दहा, पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर टक्के ठेवा, बाकी साधं पाणी. नळाचं असेल तर एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या. प्रत्येकात दोन लिटर हिरवं पाणी बियाणं म्हणून टाका, मत्स्यालयाच्या पंपाने बुडबुडे सोडा आणि जार हलक्या सावलीत ठेवा.

बियाणं कुठून आणायचं? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि शुद्ध वाण विकतही मिळतं. पण उघड्या तळ्यात शुद्ध वाण शुद्ध राहत नाही. मी गिरणीच्या स्वतःच्या नालीतलं, शेतातल्या टाक्यातलं, बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) काठचं हिरवं पाणी घेतो, दोन-तीन जागचं मिसळतो आणि आठवडाभर सौम्य सांडपाण्यावर वाढवतो. जे इथल्या उन्हात आणि याच पाण्यात टिकलं, तेच पुढे टिकेल. बहुधा त्यात क्लोरेला आणि सीनेडेस्मस निघतात. ४०० पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली क्लोरेला म्हणजे सुटे हिरवे ठिपके आणि सीनेडेस्मस म्हणजे एका ओळीत चिकटलेल्या चार पेशी. ज्या पाण्यावर हिरवा-निळा रंग सांडल्यासारखा तवंग आहे ते मात्र आणू नका. तो मायक्रोसिस्टिस असू शकतो आणि त्याचं विष गुरांना आणि माणसांना अपाय करतं.

आठ-दहा दिवस रोज काठी बुडवा, पीएच आणि अमोनिया लिहा. जो जार सगळ्यात लवकर गर्द झाला आणि ज्यातला अमोनिया सगळ्यात जास्त उतरला, ते तुमचं सुरुवातीचं प्रमाण. शंभर टक्क्यांचा जार काळवंडला तर घाबरू नका, कच्च्या पाण्याचं बहुधा तसंच होतं. पुढची पायरी त्यासाठीच आहे.

गॅसचं टाकं

कच्चं पाणी आधी चाळणीतून आणि गाळ बसण्याच्या टाकीतून जाऊ द्या, कोंडा आणि फोलपटं तिथेच थांबतील. गरम असेल तर निवू द्या. पीएच ६.५ च्या खाली गेला असेल तर चुन्याच्या निवळीने ७ च्या जवळ आणा. मग ते बंद टाक्यात, म्हणजे बायोगॅसच्या डायजेस्टरमध्ये, आठ-दहा दिवस मुरू द्या. टाकं सुरू करताना शेणकाला घाला आणि भार हळूहळू वाढवा. महिनाभर तरी धीर धरावा लागतो.

हिशेब करून पाहू. समजा रोजचं २,००० लिटर पाणी आहे आणि त्याचा सीओडी ३,००० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. म्हणजे रोज ६ किलो सेंद्रिय भार. टाक्याने त्यातला ८० टक्के उतरवला तर ४.८ किलो. दर किलोमागे जास्तीत जास्त ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो, म्हणजे १.७ घनमीटरच्या आसपास. गळती आणि घट धरून हे रोज किलोभर स्वयंपाकाच्या गॅसइतकं जळण झालं. गिरणीची वाफ त्यावर होणार नाही, पण कामगारांचा स्वयंपाक आणि चहा होतो. शेवाळातून मिळणाऱ्या कुठल्याही मालाआधी हा माल हातात येतो, म्हणून मी डायजेस्टर वगळायला कधीच सांगत नाही.

टाक्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सेंद्रिय भार कमी पण अमोनिया आणि फॉस्फेट जवळजवळ तसेच असतात. शेवाळाला हवं असतं नेमकं हेच.

तळं किती मोठं

इथे लोक अंदाजाने खणतात आणि नंतर पस्तावतात. गणित नायट्रोजनवरून करा. समजा टाक्यातून आलेल्या पाण्यात ५० मिलिग्रॅम प्रति लिटर नायट्रोजन आहे. २,००० लिटरमध्ये तो १०० ग्रॅम झाला. सुक्या शेवाळात साधारण साडेसात टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे १०० ग्रॅम उचलायला रोज सव्वा ते दीड किलो शेवाळ वाढायला हवं. उघड्या तळ्यात दर चौरस मीटरला रोज १० ग्रॅम वाढ धरा. कागदावर २० आणि २५ ग्रॅमचे आकडे दिसतील, पहिल्या वर्षी त्यांच्या मागे जाऊ नका. या हिशेबाने १३० चौरस मीटर तळं लागतं, सव्वा गुंठ्याहून थोडं जास्त. पाण्याची खोली २० सेंटीमीटर ठेवली तर २६,००० लिटर मावतात आणि प्रत्येक थेंब सरासरी १३ दिवस तळ्यात राहतो.

खऱ्या गिरणीचं पाणी २,००० लिटरच्या कितीतरी पट असतं. सुरुवात त्यातला एक भाग वळवूनच करायची.

नायट्रोजन आणि फॉस्फरसचं वजनी प्रमाण शेवाळाला साधारण ७ ला १ लागतं. धानाच्या पाण्यात अनेकदा फॉस्फरस जास्त आणि नायट्रोजन कमी निघतो. मग नायट्रोजन संपला की वाढ थांबते आणि फॉस्फरस पाण्यात उरतो. गोठा धुतलेलं पाणी थोडं मिसळलं की तोल येतो. युरिया टाकण्याचा सोपा मार्ग आहे, पण सांडपाणी शुद्ध करायला खत विकत घेणं मला पटत नाही.

बांधणी

लांबोळकं तळं करा, २६ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. मधोमध एक भिंत, दोन्ही टोकांना थोडी मोकळी, म्हणजे पाणी रिंगणात फिरेल. तळ एका पातळीत असावा. दोन-तीन सेंटीमीटरचा चढउतारसुद्धा इतक्या उथळ तळ्यात गाळाचे कोपरे तयार करतो. आतून शेततळ्याची ५०० मायक्रॉनची पन्नी लावा. काठ पाण्याच्या वर निदान ३० सेंटीमीटर ठेवा. का ते पावसाच्या वेळी कळेल.

पाणी फिरवायला वल्ह्यांचं चाक लावा. छोटी मोटर आणि गती कमी करणारा गिअरबॉक्स पुरतो. जोरदार पंपाने फिरवू नका, वीज जाते आणि पेशीही फाटतात. वेग बरोबर आहे का ते पाहायला वाळकं पान पाण्यावर टाका. एक मीटर जायला पाच सेकंद लागले तर ठीक. फिरवण्याचा उद्देश प्रत्येक पेशीला आळीपाळीने वर आणणं हा आहे. भर उन्हाच्या पाचव्या-दहाव्या हिश्शातच शेवाळाचं पोट भरतं, त्यापुढचा प्रकाश वाया जातो किंवा भाजतो. वरच्याने खालच्याला जागा दिली पाहिजे.

तळं हिरवं करणं आणि रोजचं काम

सुरुवात दिवाळीच्या सुमारास करा. धानाचा हंगाम लागतो, आभाळ मोकळं असतं, दुपारचं पाणी २५ ते ३० अंशांच्या आसपास मिळतं.

तळ्यात आधी साधं पाणी आणि टाक्याचं पाणी जारांच्या परीक्षेत ठरलेल्या प्रमाणात भरा. एकूण पाण्याच्या दहाव्या हिश्शाइतकं गर्द हिरवं बियाणं घाला. ते जारांतून पिंपांत आणि पिंपांतून छोट्या टाकीत, दर वेळी दहापट करत आधीच वाढवून ठेवलेलं असावं. मग काही सोडू नका, काही काढू नका, फक्त फिरवत राहा. चकती तीन-चार सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली की रोज थोडं काढायचं, तेवढंच नवं सोडायचं. पहिल्या आठवड्यात ५०० लिटर, मग १,०००, मग २,०००.

पाणी सकाळी ऊन चढल्यावर सोडा. संध्याकाळी कधीही नाही. दुपारी हिरव्या तळ्यात प्राणवायू इतका साठतो की बारीक बुडबुडे दिसतात, पण रात्री शेवाळही श्वासच घेतं आणि पहाटे प्राणवायू शून्याजवळ येतो. संध्याकाळी सोडलेल्या पाण्यावर जिवाणू रात्रभर तुटून पडतात आणि सकाळी तळं कुजकं लागतं. एका ओळखीच्या गिरणीत पाणी सोडण्याची वेळ फक्त कामगारांच्या पाळीसाठी बदलली होती. तीन दिवसांत सहा आठवड्यांचं शेवाळ गेलं.

दुपारचा पीएच रोज पाहा. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढतं तसा पीएच चढतो, ९ आणि १० पर्यंतही जातो. साधारण ९.२५ ला पाण्यातला निम्मा अमोनियम मुक्त अमोनिया होतो. तो हवेत उडतो, म्हणजे तुमचा नायट्रोजन गेला, आणि जास्त झाला तर शेवाळालाच मारतो. पीएच ८.५ च्या वर जाऊ लागला की रोजच्या सांडपाण्याचा काही भाग दुपारी सोडा. जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पीएच खाली आणतो. बायोगॅस जाळून निघणारा धूर थंड करून पाण्यात बुडबुड्यांनी सोडता आला तर आणखी उत्तम.

रंग वाचायला शिका. गवती हिरवा म्हणजे सगळं बरं. पिवळट हिरवा म्हणजे नायट्रोजनची उपासमार. राखाडी आणि वास म्हणजे भार जास्त, दोन-तीन दिवस काही सोडू नका. एका रात्रीत पाणी नितळ झालं तर सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहा, रोटिफर किंवा डॅफ्निया दिसतील. हे सूक्ष्म प्राणी शेवाळ चरतात. एकदा त्यांची संख्या वाढली की उपाय करत बसण्यापेक्षा तळं रिकामं करून, पन्नी धुऊन, उन्हात वाळवून नव्या बियाण्याने सुरुवात करणं लवकर होतं.

आपलं ऊन, आपला पाऊस

परदेशी माहिती वाचून तळं बांधणारा इथे फसतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांखाली येतो, तेव्हा वाढ मंदावते आणि रोज सोडायचं पाणी निम्म्यावर आणावं लागतं. फेब्रुवारी आणि मार्च हे सगळ्यात चांगले महिने. मग एप्रिल लागतो. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की उथळ तळ्याचं पाणी ३८-४० ला पोचू शकतं आणि क्लोरेला तिथे टिकत नाही. रोपवाटिकेची ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी मार्चअखेरीस बांधा आणि खोली ३० सेंटीमीटरपर्यंत वाढवा.

दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची. मेच्या कोरड्या वाऱ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडतं. १३० चौरस मीटरवर ते १,३०० लिटर झालं, म्हणजे सोडलेल्या २,००० लिटरपैकी निम्म्याहून जास्त. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. टीडीएसचा आकडा आठवड्याला चढताना दिसेल. म्हणून मी एप्रिलअखेर तळं बंद करतो. जाळीखालीसुद्धा मे महिना रेटण्यात अर्थ नाही.

पावसाचं उलटं. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १३० चौरस मीटरच्या तळ्यात १३,००० लिटर पाणी वाढतं, दहा सेंटीमीटर. उंच काठ त्यासाठी. अर्धवट शुद्ध पाणी काठावरून नाल्यात जाऊ देता येत नाही.

काढणी

सगळ्यात कठीण काम हेच. अर्धवट समजून घेतलेलं तळं इथेच तोंडघशी पडतं. गर्द हिरव्या दिसणाऱ्या तळ्यातही लिटरला अर्धा-पाऊण ग्रॅमच सुकं शेवाळ असतं. किलोभर शेवाळासाठी दीड-दोन हजार लिटर पाणी गाळायचं, आणि पेशी इतक्या बारीक की साध्या कापडातून निघून जातात. स्पिरुलिना धाग्यासारखी असल्याने कापडावर अडकते, क्लोरेला अडकत नाही.

तळाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या टाकीत पाणी रात्रभर स्थिर ठेवा. खाली बसलेलं शेवाळ वेगळं काढा आणि त्यातला थोडा भाग रोज तळ्यात परत सोडा. जे बसतं त्यालाच पुन्हा पुन्हा वाढायची संधी मिळते. काही आठवड्यांत तळ्यात जिवाणू आणि शेवाळाचे जड गुच्छ वाढतात आणि पाणी लवकर निवळू लागतं. यापेक्षा स्वस्त युक्ती मला माहीत नाही.

तरीही नीट बसत नसेल तर शेवग्याच्या बियांच्या गराची पूड पाण्यात कालवून थोडी वापरून पाहा. आधी लिटरच्या मोजपात्रात मात्रा ठरवा, कारण जास्त झाली तर तिचाच सेंद्रिय भार पाण्यात उतरतो. तुरटीने काम होतं, पण शेवाळात ॲल्युमिनियम शिरतं आणि चाऱ्यासाठी ते बाद होतं.

बसलेला गाळ कापडाच्या पिशवीत टांगा. रोजच्या सव्वा-दीड किलो सुक्या शेवाळासाठी दहा किलोच्या आसपास ओला लगदा निघतो. तो पन्नीवर दोन-तीन मिलिमीटर जाडीने पसरा. जाड थापला तर आत कुजतो. आपल्या कोरड्या उन्हात दिवसभरात कडकडीत होतो.

माल काय मिळतो

१५० दिवसांच्या हंगामात १९५-२०० किलो सुकं शेवाळ मिळालं, तर त्यातला नायट्रोजन साधारण १५ किलो, म्हणजे ३२ किलो युरियाइतका. अनुदानित युरियाची ४५ किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. नुसत्या नायट्रोजनच्या भावाने पाहिलं तर हंगामभराच्या शेवाळाची किंमत एका गोणीलाही पोचत नाही. जमिनीला सेंद्रिय पदार्थ आणि फॉस्फरस मिळतो तो वेगळा, आणि तो मोलाचा आहे. पण शेवाळ विकून श्रीमंत करण्याचं आश्वासन कुणी दिलं तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. शेवाळापासून डिझेलचंही तसंच. या आकारात त्याचा विचार करू नका.

खरा पहिला माल पाणी आहे. भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, हे नागपूर पाहतंच आहे. गिरणीचं निवळलेलं पाणी फरशी धुवायला, झाडांना, काठच्या शेताला देता आलं, तर तेवढं बोअरचं पाणी वाचतं. दुसरा माल गॅस आणि तिसरा शेवाळ.

शेवाळाचा सगळ्यात चांगला उपयोग जवळच्या जवळ होतो. ओला लगदा पाण्यात कालवून झाडांच्या आळ्यात ओता. संत्रीबागा काटोल-नरखेडकडे आणि धान मौद्याकडे, तेव्हा ओला लगदा तिकडे नेणं परवडत नाही. सुकवून पोत्यात भरला तर मृग लागल्यावर धानाच्या पऱ्ह्यांना (रोपांना) देता येतो. बाजारात धानासाठी निळं-हिरवं शेवाळ म्हणून जैविक खत मिळतं, ते वेगळं. ते हवेतला नायट्रोजन धरतं, आपलं शेवाळ पाण्यातला परत देतं.

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलावांत मासेमारी चालते, त्यामुळे माशांचं खाद्य हा विचार सहज सुचतो. शेवाळात निम्म्याच्या आसपास प्रथिनं असू शकतात. पण खाद्यात मिसळण्याआधी जड धातू आणि रोगजंतूंची तपासणी हवी. माणसांच्या पोटात मात्र सांडपाण्यावर वाढलेलं शेवाळ कुठल्याही रूपात जाऊ नये. गोळ्या आणि भुकटीची स्पिरुलिना स्वच्छ पाण्यात, वेगळ्या खतांवर वाढवतात. ते दुसरं काम आहे.

कागदपत्रं आणि जीव

उद्योगाचं सांडपाणी कुठेही सोडायला १९७४ च्या जल कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. गिरणीकडे ते असेल, पण नवी शुद्धीकरण व्यवस्था त्यात नोंदवून घ्या. सर्वसाधारण मानकं अशी: नदी-नाल्यात सोडायचं तर बीओडी ३०, सीओडी २५०, तरंगणारे कण १०० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पीएच ५.५ ते ९. शेतीला द्यायचं तर बीओडी १०० आणि कण २०० पर्यंत चालतात. तुमच्या संमतीपत्रात यापेक्षा कडक आकडा असेल तर तो पाळायचा. आणि हे ध्यानात ठेवा: न काढलेलं शेवाळही तपासणीत कण आणि बीओडी म्हणूनच मोजलं जातं. हिरवं पाणी बाहेर सोडलं तर मूळ घाण गेलेली असूनही नमुना नापास होतो.

गॅसच्या टाक्यात कुणीही उतरू नये, रिकामं दिसत असलं तरी. आतला हायड्रोजन सल्फाइड माणसाला क्षणात पाडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. जवळ ठिणगी नको. तळं उथळ असलं तरी भोवती कुंपण घाला, गिरणीवर कामगारांची मुलं खेळत असतात.

हंगाम संपला की

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पाणी सोडणं थांबवा आणि उरलेलं शेवाळ काढून घ्या. तळं कोरडं करा, पन्नीवरचा गाळ खरवडून बागेत टाका, उन्हात आठवडाभर तापू द्या आणि फाटलेल्या जागा जोडून घ्या. चाकाच्या बेअरिंगला वंगण द्या.

त्याआधी, तळं अजून गवती हिरवं असतानाच, पाच लिटर बियाणं वेगळं काढा. ते दोन जारांत ठेवा आणि दोन वेगळ्या घरी. उत्तरेकडच्या खिडकीत, जिथे उजेड येतो पण ऊन पडत नाही. दर दहा दिवसांनी त्यातलं निम्मं झाडांना घाला आणि तेवढंच पातळ केलेलं टाक्याचं पाणी भरा. तोंडाला पातळ कापड बांधा, नाहीतर डास अंडी घालतील. एका घरचा जार उन्हाळ्यात गेला तरी दुसरा राहतो. कोजागिरीच्या सुमारास त्यातूनच पहिलं पिंप भरायचं.